हरण्या-बाशिंग्याचं आवतण

आधीच सांगून ठेवते, आमचा बुढा चळला नाई. कोणाले तसं म्हणाचं असंन, त त्यानं माह्या तोंडावर येऊन म्हणावं. अन् येतानी घरून जेवून यावं, कारण माह्या इथं त्याले पाणीबी भेटणार नाई.

आता बुढा म्हणजे कोण, ते सांगा लागन. नाव त मी घेत नाई. पंचेचाळीस वर्ष झाले लग्नाले, उखाण्यात घेतलं असंन तेवढंच. अंगणातल्या ओट्यावर ज्या झाडाले आपण रोज पाणी घालतो ना, त्याच्यापुढं राम लावा, झालं. डोणगावापासून दोन कोसावर आमचं गाव. सोळा एकर काळं वावर, एक पोरगा भाऊराव, एक सून कोकिळा, एक नातू, अन् बुढ्याले बैलाचा नाद. असा नाद की लग्नाच्या दिवशी हे माह्याकडं पाहाचं सोडून वरातीच्या दमणीच्या बैलाकडं पाहात होते. कोणी बैल घ्याले निघाला की आधी आमच्या ओसरीवर येणार. हे संगं जात, दात पाहात, खूर दाबत, अन् एकच शब्द बोलत. "घे", नाई त "नोको". तो शब्द कधी खोटा पडला नाई.

महाराष्ट्र झाल्याचे पेढे वाटले, त्याले चार वर्ष होऊन गेल्ते. त्या वर्षी पाडव्यापासून मले काहीतरी खटकू लागलं. पाव्हण्याले गोष्ट सांगतली की घडीभरानं तीच गोष्ट, त्याच पाव्हण्याले, त्याच हासण्यासकट. मंग आषाढात मेहकरच्या बाजारी गेले अन् बैलाच्या कासऱ्याचा नवा जोड घेऊन आले. चांगलं झालं. पुढच्या बाजारी एस.टी.त बसून पुन्हा गेले, पुन्हा कासऱ्याचा जोड. तिसऱ्या बाजारी म्या बजावून सांगतलं, मीठ आणा, खोबरं आणा, बाकी काही नोको. आले. पिशवीत काय? कासऱ्याचा जोड!

"अवं, पोळा येऊन राह्यला. बैलाले नवे कासरे नोको काय?" म्हणे.

म्या खुंटीकडं बोट दाखवलं. तिथं आधीचे चार कासरे लोंबून राह्यले होते. यायनं ते पाह्यले, हातातला जोड पाह्यला, अन् तो असा हळूच त्याच खुंटीले अडकवला की माह्या तोंडातली शिवी तोंडातच राह्यली.

अन् बैलाचे नावं! नवी जोडी घेऊन दोन वर्ष झाले, लाल्या अन् कबऱ्या. पण यायच्या तोंडी ते नावं बसेचनात. तोंडी जुनीच जोडी, हरण्या अन् बाशिंग्या. बारा वर्ष त्या दोघायनं आमचं वावर वाहलं. मंग म्हातारे झाले, जड नांगर ओढवेना, म्हणून भाऊरावनं ते नाल्यापलीकडच्या निवृत्ती माळ्याले इकले. निवृत्तीचा वांग्या-मिरच्याचा मळा, हलकं काम. ते गेले त्या दिवशी बुढा जेवला नोता. आता वावरात जातानी "हरण्या, चाल" म्हणून लाल्यालेच हाकलत. मी मांगून मोठ्यानं आवाज द्याची, "अवं लाल्या, सरक ना तिकडं!" म्हणजे नाव यायच्या कानावर पडन. असं मी चार महिने झाकलं. पाव्हण्यापुढं गोष्ट दुसऱ्यांदा सुरू झाली की मधातच चहा आणून ठेवाची. पाव्हणे म्हणत, वहिनीचा हात लय सढळ झाला.

शेवटी माह्या गुडघ्याचं निमित करून यायले मेहकरच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं मले सांगतलं, तुम्ही मधात बोलू नका. बोलू नका! बरं, म्या भिंतीकडं पाह्यलं. डॉक्टरनं यायले इचारलं, सकाळी काय खाल्लं? हे माह्याकडं पाहू लागले. मी भिंतीकडंच. मंग डॉक्टरनं इचारलं, पहिला बैल कधी घेतला? झालं! रंग, दात, गाव, कोणत्या लिंबाखाली सौदा झाला, त्या बैलाच्या मायचाबी पूर्ण इतिहास. बाहेर पेशंट खोळंबले, कंपाउंडर दोनदा डोकावून गेला.

"आई," डॉक्टर मले बाजूले घेऊन म्हणाले, "जुनं पक्कं आहे, नवं टिकत नाहीये. काही जणांना वयानं होतं असं. ही सुरुवात आहे. याला माझ्याजवळ गोळी नाही. पण त्यांना कामात ठेवा, माणसांत ठेवा, आणि रागावू नका."

रागावू नका म्हणे! डॉक्टरचं काय जाते? पंचेचाळीस वर्षात मी रागावल्याशिवाय एक दिवस काढला नाई. आता एकदम सोडलं त यायलेच भेव लागन, बुढी मरून राह्यली काय म्हणून.

आता भाऊराव. पोरगा वाईट नाई, पण त्याले लाज लवकर वाटते. पोळ्याच्या आठ दिवस आधी मले बैलाच्या कोठ्यामांगं घेऊन गेला.

"माय, औंदा पोळ्यात कासरा मी धरतो."

पोळ्यात आपली जोडी सजवून तोरणाखाली घेऊन उभं राहणं, हा कास्तकाराचा वर्षातून एकदाचा मान. चाळीस वर्षात यायनं तो कासरा दुसऱ्याच्या हाती देल्ला नोता. एका वर्षी अंगात ताप होता, तरीबी घोंगडं पांघरून उभे राह्यले होते.

"काऊन?" म्या म्हटलं.

"तोरणाखाली बाबानं भलतंच नाव घेतलं त पूर्ण गाव हासन."

"हासू दे. गावाचे दात त दिसतीन."

"हासण्याचं नाई माय. एकदा का लोकायच्या तोंडी आलं की म्हातारं चळलं, मंग यायच्याकडं कोणी बैल दाखवाले येणार नाई. हे ओसरीवर बसून वाट पाहातीन, अन् कोणीच येणार नाई. तुले पाहवन ते?"

ते मले लागलं. खरं होतं म्हणून लागलं. बैल पाहणं काढून घेतलं त यायच्याजवळ उरते काय? पण हार मानणं माह्या रक्तात नाई.

"असं कर," म्या म्हटलं. "पोळ्यापर्यंत यायच्या हातून एकबी चूक झाली नाई, त आपल्या जोडीचा कासरा यायचा. एक जरी झाली, त तुह्या."

"बोलली?"

"बोलली."

एवढा कच्चा डाव जुगारीबी लावत नाई. पण म्या लावला.

सात दिवस मी यायच्या मांगं सावलीसारखी फिरली. सात दिवस निभलं. आठव्या दिवशी खांदमळणी आली.

खांदमळणी म्हणजे पोळ्याचा आदला दिवस. वर्षभर जू ओढून बैलाचे खांदे सोलून निघतात. त्या दिवशी ते खांदे कोमट पाण्यानं शेकाचे, पळसाच्या पानानं लोणी-हळद लावाची, अन् बैलाच्या कानाशी म्हणाचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." माणसाले देतो तसंच आवतण. अन् एकदा देल्लं की ते मोडता येत नाई. आवतण घेतलेला बैल पोळ्याले त्या घरून उपाशी राह्यला, त त्या घराचं वर्ष वाईट जाते, असं आम्ही मानतो.

म्या वाटीभर लोण्यात हळद कालवली. वाटी यायच्या हाती देल्ली. कोठ्याच्या दारापर्यंत संगं गेली, लाल्या-कबऱ्याकडं बोट दाखवलं. याच्यापेक्षा जास्त काय करू, सांगा? तेवढ्यात कोकिळा आतून वरडली, "आत्याबाई, पुरणाची डाळ उतू चालली!" चुलीवरची डाळ अन् कोठ्यातला नवरा, दोघावर एकदम डोळा ठेवता येत नाई. मी डाळीकडं गेली.

वापस आली त लाल्या-कबऱ्या मजेत रवंथ करून राह्यले होते, खांदे कोरडेठक्क. अन् बुढा नाई, वाटी नाई.

इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, विहिरीपाशी पाह्यलं. अर्ध्या तासानं हे नाल्याकडून आले. हात पिवळे, वाटी रिकामी, अन् चेहरा असा खुललेला की महिन्या-महिन्यात तसा पाह्यला नोता.

"झालं काम, भाऊच्या माय," म्हणे. "देल्लं आवतण. हरण्यानं माह्या हात चाटला. पण बाशिंग्या उलिसा रोडावला बरं. त्याले दाणा वाढव."

हे आपल्या जुन्या बैलायले, निवृत्तीच्या कोठ्यात जाऊन आवतण देऊन आले होते.

मले तोंड उघडाले वेळच भेटला नाई. यायच्या मांगं पदर खोचून गोजरबाई. गोजरबाई म्हणजे निवृत्तीची माय, अन् गावात माह्या आवाजाच्या जवळपास पोचणारी एकटीच बाई.

"रुख्मिणे! ये बाहेर! आमच्या कोठ्यात घुसून आमच्याच बैलाले आवतण देऊन आला तुह्या बुढा! आमच्या घरी पुरण शिजत नाई काय? आम्ही काय बैल उपाशी ठेवतो?"

गल्लीतले सगळे दारं उघडले. अन् नेमका त्याच वक्ती भाऊराव वावरातून आला. त्यानं यायचे पिवळे हात पाह्यले, गोजरबाईले पाह्यलं, अन् मंग माह्याकडं पाह्यलं.

माह्या एक स्वभाव हाय. मले कोपऱ्यात धरलं की माहं डोक्शं चालते.

"चुकून नाई आले ते," म्या म्हटलं. "म्यांच धाडलं."

"काय?"

"म्यांच धाडलं म्हणते! बारा वर्ष त्या बैलायनं आमच्या घरचं खाल्लं. लेक देल्ली म्हणजे नातं तुटते काय? सणाले माहेरी बोलावत नाई काय आपण? तुही लेक सोनाळ्याले देल्ली, ते येते ना दिवाळीले? तिच्या सासूनं असेच कमरेवर हात ठेवले त तुले कसं वाटन?"

गोजरबाईचे हात कमरेवरून खाली आले. तोंड उघडं, पण आवाज नाई. असं दृश्य म्या जन्मात पाह्यलं नोतं.

"मंग," गोजरबाई हळूहळू म्हणाली, "मंग आम्ही त्यायचं सासर झालो."

"हाव."

"अन् सासरच्या माणसायले आवतण नाई?"

पाह्यलं? बुढी कमी नाई. म्या तोंडभर हासून म्हटलं, "अवं माय, कुंकवाची कोयरी घ्याले त आत चालली होती मी! तेवढ्यात तूच आली." अन् तिथंच तिले कुंकू लावून उद्याचं आवतण देल्लं, पूर्ण घराले. कोकिळा मांगून कुजबुजली, "आत्याबाई, किती माणसं?" निवृत्तीच्या घरी माणसं नऊ. आमची डाळ शिजली होती पाच जणायपुरती.

गोजरबाई गेली, दारं बंद झाले. भाऊराव माह्याजवळ आला.

"माय, गावाले फसवलं, ठीक. मले फसवू नोको. डाव तो डाव."

म्या मान हालवली. हारली होती.

कोठ्यात गेली, त हे लाल्या-कबऱ्याच्या मधात खाली बसून. सगळं ऐकलं होतं यायनं.

"तू नोतं धाडलं मले," म्हणे.

"नाई."

"मी चुकलो."

"हाव." गावाशी मी कितीबी खोटं बोलीन, यायच्याशी मले बोलता येत नाई.

"मले वाटलंच नाई की मी भलतीकडं हाओ. पाय आपोआप गेले. हरण्या दिसला, मले वाटलं आपलंच घर." मंग म्हणे, "आज बैल चुकलो, भाऊच्या माय. उद्या तुलेच चुकलो त?"

मी तिथंच गव्हाणीपाशी बसली अन् रडली. मले लय वाईट वाटलं. हे माह्याइतकेच भेले हायत, ते मले तवा कळलं. चार महिने मी गावापासून झाकत होती, अन् हे माह्यापासून.

"कासरा भाऊले दे," हे म्हणाले. "मले नोको आता."

अन् मंग मले राग आला. रडणं संपलं की मले रागच येते.

"मले चुकान कसे?" म्या वरडली. "माह्याएवढा आवाज आख्ख्या जिल्ह्यात कोणाचा नाई! कुठंबी गेले त ऐकू येईन! उठा! अन् या दोघायनं काय पाप केलं? घरचे बैल बिनआवतणाचे ठेवता काय? उठा म्हणते!"

उठले. लोणी त संपलं होतं, पोळीवर वाढाचं तूप होतं, ते घेतलं. मी बैलाचं नाव घ्याची, हे मांगून म्हणाचे. "लाल्या, आज आवतण घे, उद्या जेवाले ये. कबऱ्या, आज आवतण घे, उद्या जेवाले ये." तूप लावता लावता लाल्यानं यायचं धोतर चघळलं अन् दोघंबी हासलो.

पोळ्याच्या दिवशी फाटेपासून मी अन् कोकिळा पुरण वाटून राह्यलो होतो. चौदा माणसं अन् चार बैल! दुपारी निवृत्तीचं घर आलं. पुढं गोजरबाई, डोक्यावर वांग्याचं टोपलं, हातात लोण्याचा गडवा. "काल तुमचं लोणी आमच्या बैलाले लागलं," म्हणे, "आमच्याकडं फुकटचं चालत नाई." मांगून हरण्या अन् बाशिंग्या. ते दारातून आत आले अन् कोणी काही न सांगता सरळ आपल्या जुन्या खुट्यापाशी जाऊन उभे राह्यले. तिथं लाल्या-कबऱ्या बांधलेले. चौघं बैल एकमेकाकडं असे पाहू लागले, जसे एस.टी.त एकाच जागेवर दोन पाव्हणे बसाले आले. लेकरं हासून हासून लोळले.

म्या चौघायचे पाय धुतले, ओवाळलं, सुपातून पुरणपोळी चारली. बाशिंग्यानं चार खाल्ल्या. हे म्हणाले, "म्या म्हटलं नोतं, रोडावला म्हणून?" ते मात्र बरोबर ध्यानात होतं!

मंग यायचं ध्यान निवृत्तीच्या कासऱ्याकडं गेलं. जुने, विरलेले, दोन ठिकाणी गाठी. हे उठले, खुंटीपाशी गेले. सहा नवे कासरे! त्यातले चार काढले, चौघं बैलायले एक-एक.

"पाह्य भाऊच्या माय," म्हणे, "म्या काही उगाच नोते आणले." अन् डोळा मारला. पासष्टीत! गोजरबाईसमोर!

चार वाजता गावाबाहेर तोरणाकडं निघाची वेळ झाली. भाऊरावनं लाल्या-कबऱ्याचा कासरा हातात घेतला. हे ओसरीवर बसले, खाली मान घालून. मले ते पाहवत नोतं.

तेवढ्यात निवृत्ती यायच्यापुढं जाऊन उभा राह्यला. "काका, एक सांगू? दोन वर्ष झाले, हरण्याले म्या पोळ्यात नेलंच नाई. ढोल ऐकला की उधळते. सण असून बैल मळ्यातच बांधलेला. मले लय वाईट वाटते."

यायनं मान वर केली. "ढोलाले नाई बे भेत तो! झांजेले भेते. लहान होता तवा उजव्या कानापाशी पत्रा पडला होता त्याच्या. उजव्या कानात कापूस घालाचा, झांजवाला डाव्या बाजूले ठेवाचा, अन् त्याच्याशी बोलत राहाचं. गप राह्यलं की त्याले वाटते आपल्याले सोडलं."

"मले नाई जमत ते," निवृत्ती म्हणाला. "तुम्हीच धरा ना कासरा."

हे भाऊरावकडं पाहू लागले. भाऊराव माह्याकडं.

"डाव आपल्या जोडीचा लागला होता," म्या म्हटलं. "हे जोडी निवृत्तीची हाय."

भाऊरावले हासू आलं. "माय, तू वकील पायजे होती," म्हणे. अन् आत जाऊन त्यानंच हरण्याच्या कानासाठी कापूस आणला.

तोरणाखाली पूर्ण गाव. गोंडे, झुली, घुंगराचा आवाज, शिंगायले हिंगूळ लावलेला. आम्ही बाया बाजूच्या ओट्यावर. हे दोन्ही हातात कासरे धरून उभे, अन् हरण्याच्या कानाशी काय की बोलून राह्यले. हरण्या मान खाली घालून ऐकून राह्यला. त्यायच्या बाजूले भाऊराव, लाल्या-कबऱ्याले घेऊन.

वामनराव पाटील दरवर्षी तोरण तोडाच्या आधी एक-एक जोडी पाहात जातात. यायच्यापुढं आले अन् थांबले.

"तुळशीराम, हे जोडी कोणाची रे?"

भाऊरावचा चेहरा पांढराफटक. म्या गोजरबाईचा हात असा दाबला की ते कळवळली.

यायनं बैलाकडं पाह्यलं, निवृत्तीकडं पाह्यलं. "दाणा निवृत्तीचा, मळा निवृत्तीचा," म्हणे, "ओळख माही. हरण्या अन् बाशिंग्या."

"वा!" पाटील हासले. माह्या जीव जाग्यावर आला. पण पाटील कुठं पुढं जातात! भाऊरावकडं हात केला. "अन् तुह्या घरची हे जोडी? हिचं काय नाव?"

यायनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. म्या पाह्यलं, नाव येत नोतं. आता येईन, मंग येईन, येतच नोतं. लोक पाहू लागले. अन् मंग माह्याच्यानं राहवलं नाई. पंचेचाळीस वर्षाची सवय, चार महिन्याची सवय, तोंड आपोआप उघडलं.

"अवं लाल्या, नीट उभा राह्य ना! कबऱ्या, तुले काय झालं रे!"

अख्ख्या मैदानात आवाज गेला. बैल बिचारे नीटच उभे होते.

सगळ्या गावानं वळून माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं, म्यांच सगळं उघडं पाडलं. चार महिने झाकलेलं माह्याच तोंडानं.

हे पाटलाले म्हणाले, "ऐकलं ना पाटील? तेच नावं."

"काऊन रे तुळशीराम, आठवण घरी ठेवून आला काय?"

"घरी नाई ठेवली," हे म्हणाले. "ते पाहा ना तिथं ओट्यावर उभी हाय, हिरव्या लुगड्यात. आजकाल मले नवं ध्यानात राहत नाई पाटील. मंग तिच्याजवळ ठेवतो."

पाटील असे हासले की फेटा हातानं धरा लागला. पूर्ण गाव हासलं. मी ज्या हासण्याले भेत होती, ते हे नोतं. बायायनं मले टोचून टोचून हैराण केलं, अन् मी लाजली, साठीले आलेली बाई. यायनं चारचौघात सांगून टाकलं, अन् आभाळ पडलं नाई. पाटलानं यायच्या पाठीवर थाप मारली अन् तोरण तोडलं. ढोल वाजले, झांज डाव्या बाजूनं वाजली, बाकीच्या जोड्या उधळल्या, अन् हरण्या नवरदेवासारखा तोरणाखालून चालत गेला. निवृत्ती रडून राह्यला होता.

बैल घरोघर मिरवून घरी येतो न येतो, तो ओसरीवर आमच्या गल्लीतला पुंजाजी हजर. "काका, बाजारात एक गोऱ्हा पाह्यला. परवा चालता काय पाहाले?"

म्या भाऊरावकडं पाह्यलं.

"चालतीन ना," भाऊराव म्हणाला. "मी येतो संगं. रस्ता मी ध्यानात ठेवीन, बैल बाबा पाहातीन." अन् बापाच्या पायातले जोडे आपल्या हातानं काढले. त्याच्यावरचा माह्या सगळा राग तिथंच फिटला.

दिवेलागणीले हे एकटेच ओसरीवर बसले होते. कासरा ओढून ओढून खांदे दुखत होते. गोजरबाईच्या गडव्यातलं लोणी उरलं होतं. म्या त्याच्यात हळद कालवली, पळसाचं पान घेतलं, अन् यायचे खांदे चोळू लागली.

"आज लय मजा आली," हे म्हणाले. "मले हे ध्यानात राहीन का?"

"मले राहीन," म्या म्हटलं.

इकडं तिकडं पाह्यलं, कोणी नाई. मंग यायच्या कानाशी वाकली अन् जन्मात पहिल्यांदा, उखाणा नाई, यमक नाई, सरळ नाव घेतलं.

"तुळशीराम. आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

हे गरकन वळले. "नाव घेतलं तू माहं!"

"आवतण नावानंच देतात. तुम्हाले ठाऊक नाई काय?"

"रोज देशीन?"

"रोज देईन."

सकाऊन मी चुलीपाशी कालच्या पोळ्या गरम करून राह्यली होती. हे उठून आले, कोठ्याकडं पाह्यलं, अन् मले म्हणाले, "भाऊच्या माय, पोळा उद्या हाय ना?"

माह्या हातातलं उलथनं थांबलं. चार बैल, तोरण, पाटील, हिरवं लुगडं, सगळा दिवस यायच्या ध्यानातून गेला होता. मी तोंड चुलीकडं केलं, धूर डोळ्यात गेल्यासारखं.

यायनं पाट ओढला, ताट पुढ्यात घेतलं अन् मांडी घालून बसले.

"अजून तोंड नाई धुतलं, अन् बसले कसे?" म्या म्हटलं.

"मले आवतण हाय."

"कोणी देल्लं?"

"तूच त देल्लं," म्हणे. "नाव घेऊन."

म्या तव्यावरची पोळी त्यायच्या ताटात वाढली अन् तिच्यावर तूप जरा जास्तच ओतलं.